फोर्कलिफ्ट-मुक्त म्हणजे नक्की कशापासून मुक्त?

गोदामातल्या फोर्कलिफ्ट कमी करणे या विषयावर संशोधन करायचं ठरवलंत आणि वाचायला बसलात, तर पहिल्या तासाभरातच एक वाक्य पुढ्यात येईल : अमेरिकेत फोर्कलिफ्टमुळे दरवर्षी सुमारे १०० कामगार मरतात आणि २०,००० गंभीर जखमी होतात. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ते आहे, एमटेकच्या प्रबंधांत आहे, सुरक्षा-प्रशिक्षणाच्या स्लाइड्सवर आहे. माझ्या पहिल्या प्रस्तावातही ते अगदी पहिल्या परिच्छेदात होतं. आकड्याचं वर्ष मात्र बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. मीही लिहिलं नव्हतं.

मागे मागे जात राहिलात तर 'नायोश' या अमेरिकी संस्थेच्या २००१ च्या सूचनापत्रिकेपाशी पोचाल. त्यातला हा आकडा १९९० च्या दशकातल्या आकडेवारीवरून घेतलेला आहे. म्हणजे आज आपण 'दरवर्षी मरतात' असं लिहितो तेव्हा पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा वर्तमानकाळ लिहीत असतो. आकडा खोटा नाही, शिळा आहे. संशोधन-प्रस्ताव तपासणाऱ्याला हा फरक कळतो, आणि पहिल्याच परिच्छेदात कळला तर पुढचं सगळं तो संशयाने वाचतो. स्वानुभव आहे.

गंमत अशी की त्याच पत्रिकेत याहून कितीतरी कामाची माहिती आहे आणि ती कुणी उचलत नाही. १९८० ते १९९४ या काळातल्या १,०२१ मृत्यूंची तिथे फोड दिली आहे. २२ टक्के मृत्यू फोर्कलिफ्ट उलटून. २० टक्के पायी चालणाऱ्याला धडक बसून. १६ टक्के फोर्कलिफ्टखाली किंवा तिच्यामध्ये चिरडून. ९ टक्के फोर्कलिफ्टवरून पडून. बेरीज करा, ६७ होते. उरलेला एक-तृतीयांश इतर प्रकारांत विखुरलेला. ही फोड पाहिली की पहिला खरा प्रश्न आपोआप सुचतो : तुम्ही जो बदल सुचवताय तो यातल्या कोणत्या रकान्याला हात लावतो? उत्पादनाच्या लाइनजवळून फोर्कलिफ्ट हटवल्या तर तिथे धडक बसण्याचा धोका नक्कीच घटेल. पण तीच फोर्कलिफ्ट डॉकवर, उतारावर, अंगणात फिरत राहिली तर उलटण्याच्या रकान्याला तुम्ही स्पर्शही केलेला नाही. 'फोर्कलिफ्टमुळे १०० मृत्यू, म्हणून फोर्कलिफ्ट काढा' हे वाक्य या चारही रकान्यांची खिचडी करून टाकतं.

मी फोर्कलिफ्टची वकिली करत नाही. हे यंत्र धोकादायक आहे आणि त्याची कारणं साध्या भौतिकशास्त्रातली आहेत. समोर काट्यांवर अडीच टन उचलायचे तर मागे तेवढा तोल हवा, म्हणून यंत्राचं स्वतःचंच वजन साडेतीन-चार टनांच्या घरात जातं. वळतात ती मागची चाकं, त्यामुळे वळताना शेपूट बाहेर फेकली जाते, आणि बाजूला उभ्या माणसाला वाटतं गाडी तर पलीकडे चालली आहे. समोर उंच माल असला की चालकाला रस्ता दिसत नाही. आणि एका खेपेत माल पोचवल्यावर परत येताना काटे रिकामे. म्हणजे निम्मी धाव फुकटची, पण पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने रिकामी गाडीही गाडीच.

यावर एक उत्तर फार वर्षांपासून सांगितलं जातं. माल मोठ्या पॅलेटवर न पाठवता छोट्या बिनमध्ये पाठवा, आणि फोर्कलिफ्टऐवजी टगर चालवा. टगर म्हणजे विमानतळावर सामानाच्या डब्यांची रांग ओढणारं छोटं इंजिन असतं ना, तसंच. ठरावीक वाट, ठरावीक थांबे, ठरावीक वेळ, अगदी एसटीसारखं. भरलेले बिन द्यायचे, रिकामे घेऊन यायचे. या विषयावरचं मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं पुस्तक म्हणजे रिक हॅरिस, ख्रिस हॅरिस आणि अर्ल विल्सन यांचं 'मेकिंग मटेरियल्स फ्लो' (२००३). कारखान्यातल्या प्रत्येक सुट्या भागासाठी एक नोंद करा, असं ते सांगतं : तो कुठून येतो, किती लागतो, कोणत्या डब्यात येतो, कुठे ठेवला जातो. मग विकत घेतलेल्या भागांचा एकच साठा, तिथून वेळापत्रकानुसार फेऱ्या, आणि 'संपलं, आणा' सांगणारी खूण. पुस्तक वाचताना लक्षात येतं की मूळ प्रश्न गाडीचा नाहीच, मालाच्या मापाचा आहे. पुरवठादाराने एका पॅलेटवर ८०० ब्रॅकेट पाठवले तर लाइनवर ८०० जातात, मग तासाला लागोत ६०. पॅलेट हेच माप ठरलं की फोर्कलिफ्ट लागणारच. माप बदललं की तिची गरज आपोआप कमी होते.

हा या पुस्तकाचा मोठा गुण आहे. आणि नेमकी इथेच त्याच्या नावाने लिहिल्या जाणाऱ्या 'यशोगाथां'ची गडबड सुरू होते. पुस्तकाचा भर साठ्यावर आणि प्रवाहावर आहे, सुरक्षिततेचा पुरावा द्यायला ते लिहिलेलं नाही. यशोगाथा मात्र त्याची पद्धत उचलतात आणि शेवटच्या पानावर 'कामाची जागा सुरक्षित झाली' हे फुकटात जोडून देतात.

माझ्याबाबतीत हे कसं उघडं पडलं ते सांगते. माझं एमएस्सी संख्याशास्त्रात, त्यामुळे कारखान्याचा मजला मी पीएचडीला आल्यावरच पहिल्यांदा नीट पाहिला. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत (नाव देत नाही, आणि त्यांनी मला आत येऊ दिलं याबद्दल मी ऋणी आहे) दाराशीच मोठी पाटी होती : 'फोर्कलिफ्ट-मुक्त शॉप फ्लोअर'. खरंच होतं. लाइनवर एकही फोर्कलिफ्ट नव्हती. पिवळे पट्टे स्वच्छ, टगर शांतपणे चार ट्रॉल्या ओढत फिरतोय. मी वहीत खुशीने नोंदी केल्या. परत येऊन मार्गदर्शक सरांना दाखवल्या. त्यांनी एकच विचारलं, "फोर्कलिफ्ट गेल्या कुठे?"

पुढच्या खेपेला मी शटरच्या पलीकडे गेले. गोदामात दोन फोर्कलिफ्ट होत्या. पॅलेट पूर्वीसारखेच येत होते; पुरवठादाराचं माप बदललेलं नव्हतं. ट्रकमधून पॅलेट उतरवायचा, रॅकवर चढवायचा, पुन्हा खाली घ्यायचा, मग त्यावरचे खोके माणसांनी हाताने उचलून बिनमध्ये भरायचे आणि बिन ट्रॉलीवर रचायचे. हे सगळं पूर्वीपेक्षा कमी जागेत, कारण बिन भरायचा कट्टा गोदामातच उभा केला होता. म्हणजे फोर्कलिफ्ट आणि पायी माणसं आता एकाच खोलीत जास्त दाटीने होती. पाटी खोटी नव्हती. पाटीने आपली हद्द शटरपाशी संपवली होती, इतकंच.

दुसरी गोष्ट लाइनच्या दुसऱ्या टोकाला दिसली. तिथे जुन्या आणि नव्या शेडचा जोड आहे आणि मार्ग अरुंद आहे, टगरची रांग वळत नाही. वळताना मागच्या ट्रॉल्या आतल्या बाजूला कापत येतात, हा टगरचा स्वभावच आहे. म्हणून ट्रॉली मुख्य मार्गावर सोडायची आणि पुढचे पंचवीस-तीस मीटर माणसाने ढकलत न्यायची. हे काम करणारा कंत्राटी मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, परभणीकडचा. त्याला मी विचारलं, आता बरं वाटतं का? तो म्हणाला, "आधी गाडी कुठून येईल ह्याचं टेन्शन राहायचं मॅडम. आता ते नाही. पण सेकंड शिफ्ट संपली की हा खांदा वर जात नाही."

अपघाताच्या नोंदवहीत हा खांदा कुठेच नाही. तिथे 'फोर्कलिफ्ट अपघात : ०' असं आहे.

आता हे वाक्य तुमच्या प्रस्तावात 'कामगारांना त्रास होतो' अशा मोघम रूपात जाऊ देऊ नका. मोजता येतं. भरलेली ट्रॉली ४०० किलोची धरा आणि चाकांच्या घर्षणाचा गुणांक ०.०२. सपाट जमिनीवर ती चालू ठेवायला ४०० × ९.८ × ०.०२, म्हणजे सुमारे ७८ न्यूटन लागतील; साधारण आठ किलो वजन उचलायला लागतं तेवढं बल. फार नाही. पण शेडच्या जोडापाशी ५० मीटरला १ मीटर असा चढ असेल, जो डोळ्यांना दिसतही नाही, तर आणखी ७८ न्यूटन. बल दुप्पट झालं. त्यात थांबलेली ट्रॉली हलवायला लागणारं बल चालत्या ट्रॉलीपेक्षा जास्त, आणि चाकात लोखंडाचा कीस अडकला की ०.०२ हा गुणांक कागदावरच राहतो. त्या मुलाच्या एका तासात मी ११ खेपा मोजल्या. शिफ्टचा हिशोब तुम्ही करा.

इथे एक नेहमीची चूक सांगून ठेवते. 'नायोश'चं वजन उचलण्याचं समीकरण, ज्यात २३ किलो हा स्थिरांक येतो, ते ढकलण्या-ओढण्याला लागू नाही. ते उचलण्यासाठी आहे. मी दोन प्रबंधांत ते ट्रॉलीला लावलेलं पाहिलं आहे. ढकलण्यासाठी स्नूक आणि सिरिएलो यांचे १९९१ चे तक्ते आहेत, किंवा आयएसओ ११२२८ चा दुसरा भाग. स्नूक-सिरिएलोच्या तक्त्यांत हँडलची उंची, अंतर आणि वारंवारता यांनुसार किती बल मान्य होईल ते दिलेलं असतं, आणि ते कामगारांनीच प्रयोगात स्वतःला झेपेल असं ठरवलेल्या बलांवरून काढलेलं आहे. त्यामुळे त्यांना मर्यादाही आहेत : अमेरिकेतल्या त्या प्रयोगातल्या माणसाला झेपलं ते परभणीच्या मुलाला झेपेलच असं नाही.

टगरच्या बाजूने एक हिशोब नेहमी दिला जातो आणि तो मला बराच काळ पटलेला होता. चार टनांची फोर्कलिफ्ट, तिच्यावर एक टन माल, वेग ताशी १० किलोमीटर. गतिज ऊर्जा येते सुमारे १९,३०० ज्यूल. त्याऐवजी दीड टनाचा टगर, प्रत्येकी ५०० किलोच्या चार ट्रॉल्या, वेग ताशी ६ किलोमीटर. ऊर्जा सुमारे ४,९०० ज्यूल. चौथा हिस्सा! स्लाइडवर फार छान दिसतं. पण दोन गोष्टी एकदम बदलल्यात हे पाहिलंत का? गाडी बदलली आणि वेगही बदलला. आता फोर्कलिफ्ट तीच ठेवा आणि नुसता वेग १० वरून ६ वर आणा. ऊर्जा होते सुमारे ६,९०० ज्यूल. म्हणजे एकूण घटीतला सुमारे ८६ टक्के वाटा वेग कमी करण्याचा आहे, आणि त्यासाठी टगर विकत घ्यायची गरज नव्हती. फोर्कलिफ्टवर वेगमर्यादक बसवून भागलं असतं. एकाच वेळी दोन बदल करून सगळं श्रेय महागड्या बदलाला द्यायचं, हे या क्षेत्रातल्या लेखनात इतकं सर्रास आहे की वाचताना प्रत्येक 'आधी-नंतर' तक्त्याखाली पेन्सिलने लिहायची सवय लावा : आणखी काय बदललं?

टगरच्या बाजूचा जास्त भक्कम मुद्दा ऊर्जेचा नाही, खेपांचा आहे. दिवसाला ६० पॅलेटइतका माल असेल तर फोर्कलिफ्टच्या ६० खेपा. चार-चार ट्रॉल्या नेल्या तर १५. माणूस आणि गाडी समोरासमोर येण्याचे प्रसंग त्या प्रमाणात घटतात, शिवाय गाडी कधी आणि कुठून येणार हे माणसाला माहीत असतं. मोजायचं असेल तर हे प्रसंग मोजा. एका चौकात तासभर उभं राहिलं तरी विदा मिळते.

त्याउलट अपघात मोजून काही सिद्ध करणं एका कारखान्यात जवळपास अशक्य आहे. यशोगाथा सांगते : आदल्या वर्षी ३ अपघात, नंतरच्या वर्षी १, म्हणजे ६७ टक्के घट. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही इथे हात वर करेल. समजा बदलाचा काहीच परिणाम झाला नाही आणि एकूण ४ अपघात दोन वर्षांत नाणेफेकीसारखे पडले. दुसऱ्या वर्षात १ किंवा ० येण्याची शक्यता १६ पैकी ५, म्हणजे सुमारे ३१ टक्के. जवळजवळ तिनातल्या एका वेळी नुसत्या नशिबाने ही 'यशोगाथा' घडेल. त्यात कंपन्या असे प्रकल्प वाईट वर्षानंतरच हाती घेतात, आणि वाईट वर्षानंतरचं वर्ष एरवीही जरा बरंच जातं. दोन्ही परिणाम एकाच दिशेने ओढतात.

कमी फोर्कलिफ्टची चर्चा आता रोबोटकडे सरकली आहे, तेव्हा तिथलीही एक गोष्ट. अ‍ॅमेझॉनने २०१२ मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना घेतली. तिचे रोबोट अख्खं कपाटच उचलून कामगारापर्यंत आणतात. हे थेट फोर्कलिफ्टला पर्याय नाहीत, पण तर्क तोच : माल माणसाकडे येईल, माणसाची वणवण संपेल. 'रिव्हील' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये कंपनीच्याच अंतर्गत नोंदींवरून दाखवलं की २०१६ ते २०१९ या काळात रोबोट असलेल्या गोदामांत गंभीर इजांचं प्रमाण रोबोट नसलेल्यांपेक्षा ५० टक्क्यांहून जास्त होतं. अ‍ॅमेझॉनने या अर्थाशी असहमती दाखवली. आता सावध राहा, कारण मीही आधी हे माझ्या बाजूचा पुरावा म्हणून चिकटवलं होतं. रोबोट असलेली गोदामं आणि नसलेली गोदामं यांचा आकार, माल, कामाचा वेग सारखा असेल असं नाही. रोबोटने इजा वाढवल्या असं यावरून थेट म्हणता येत नाही. मात्र 'यंत्र आलं म्हणून इजा घटल्या' हे गृहीत धरता येत नाही, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र आकड्यांबद्दल नाही. सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड शिकवतात : धोका काढून टाका, नाही जमलं तर त्याजागी कमी धोक्याचं काही आणा, मग यांत्रिक आडोसे, मग नियम आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-बूट. 'फोर्कलिफ्ट-मुक्त' हा शब्द स्वतःला पहिल्या पायरीवर बसवतो, धोका काढून टाकला म्हणतो. प्रत्यक्षात ते दुसऱ्या पायरीवरचं काम आहे, बदली आहे. आणि बदली म्हटलं की विचारावं लागतं : कुणाच्या जागी कोण आलं? ज्या देशांत हे लेखन झालं तिथे माणसाची मजुरी महाग, म्हणून फोर्कलिफ्टचं ओझं टगरवर जातं. आपल्याकडे सगळ्यात सहज मिळणारी बदली माणूसच आहे. टगर न वळणारे शेवटचे तीस मीटर त्याच्याच वाट्याला येतात.

ओझ्याची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. हमाल-माथाडींसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा करणारं हे राज्य आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ नेही इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये असं लिहिलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा आहे. पण आपल्या डोक्यात 'ओझं' म्हटलं की पाठीवरचं पोतं येतं. चाकांवरची ४०० किलोची ट्रॉली कुणाच्या पाठीवर नसते, म्हणून तपासणीला आलेल्या माणसालाही ती ओझं वाटत नाही. शोधनिबंधांतही ती 'साधन' या रकान्यात बसते.

माझा प्रस्ताव मी तीनदा लिहिला. शीर्षकातून 'फोर्कलिफ्ट-मुक्त' काढलं. अभ्यासाची हद्द ट्रकच्या दारापासून शेवटच्या मशिनपर्यंत नेली, म्हणजे शटरच्या दोन्ही बाजू आत आल्या. अपघातांऐवजी माणूस-गाडी समोरासमोर येण्याचे प्रसंग आणि बलमापकाने मोजलेलं ढकलण्याचं बल, अशा दोन गोष्टी एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी ठेवल्या, एक घटताना दुसरी वाढते का ते दिसावं म्हणून. टगरच्या आधी नुसता वेग कमी करून पंधरा दिवस मोजायचं, असाही एक टप्पा घातला आहे. कंपनीच्या व्यवस्थापकांना वेगाचा टप्पा लगेच पटला, कारण त्यात खर्च नाही. बलमापक ट्रॉलीला लावायचं म्हटल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "हे आकडे बाहेर जाणार का?" परवानगीचं पत्र अजून यायचं आहे. तो मुलगा तोवर त्याच लाइनवर असेल की कंत्राट बदलून दुसरीकडे गेलेला असेल, ते पत्र आल्यावर कळेल.